मेरे सायलेन्स

ताईला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण माझा करार कायदा तिला तोंडपाठ होता. अर्थासकट नव्हे. आपल्याला आरत्या पाठ असतात तसा. पुढचा शब्द कुठला हे ओठांना ठाऊक, त्या शब्दाचा अर्थ काय हे विचारायचं नाही.

मी तेव्हा सोलापुरात इंटर कॉमर्सला होतो. व्यापारी कायद्याचा एक पेपर असायचा आणि तो इंग्रजीत लिहावा लागे. शाळा मराठी, घर त्याहून मराठी, आणि पुस्तक असं की पान उलटलं तरी वाक्य संपू नये. कायदा म्हणायला आपल्या देशाचा, पण साहेबानं करून ठेवलेला, त्यामुळे खटलेही सगळे विलायतेचे. समजून घेण्याच्या भानगडीत पडलो असतो तर परीक्षा होऊन गेली असती. म्हणून सरळ घोकंपट्टी धरली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एका वकिलांकडे कारकून होते. जन्मभर दुसऱ्याचा काळा कोट झटकून खुंटीला लावलेला माणूस. एकदा आपल्या पोराचा लावावा एवढीच त्यांची इच्छा. बाकीच्या विषयांत मी काय दिवे लावतो याची ते चौकशी करत नसत. कायद्याची मात्र रोज करत.

पाठांतर ऐकायचं काम ताईकडं होतं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मॅट्रिकला गणितात गेली, तेव्हा ‘पोरीला परत बसवून काय करायचंय’ असं आत्या म्हणाली आणि विषय मिटला. आत्या केम गावाला राहायची. रेल्वेनं यायची, आमच्या घरातले विषय मिटवायची आणि रेल्वेनं जायची.

स्वयंपाकघरात एक दणकट लोखंडी खलबत्ता होता. आमच्या घरात कुटायला काही ना काही असायचंच: शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, मिरची, धने. मी उंबऱ्यावर बसून डोळे मिटून म्हणायचो आणि ताई कुटायची. पुस्तक तिच्यापुढं पाटावर उघडं, पान उडू नये म्हणून त्यावर मिठाची वाटी. सुरुवातीला ती एका हाताचं बोट ओळीवर फिरवायची आणि दुसऱ्या हातानं बत्ता चालवायची. पुढं पुढं बोटाची गरज उरली नाही. मी चुकलो की बत्ता थांबायचा. ती तोंडानं काही म्हणायची नाही. आवाज थांबला की मी डोळे उघडायचो.

‘‘कुटं चुकलो?’’

‘‘मधला एक शब्द खाल्लास की. लांबडा हाय बघ, ‘प्रोव्हायडेड’ का काय ते.’’

मला राग यायचा. माझा स्वभावच तसा. चूक दाखवणाऱ्यावर आधी चिडायचं आणि मग चूक सुधारायची. मी म्हणायचो, ‘‘तुला काय कळतंय त्यातलं?’’ ती म्हणायची, ‘‘काय न्हाय कळत. पर खाल्लास.’’ आणि बत्ता परत सुरू.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं: ‘मिअर सायलेन्स इज नॉट ॲक्सेप्टन्स.’ नुसतं गप्प राहणं म्हणजे स्वीकार नव्हे. ते वाक्य आलं त्या दिवशी मी पहिलाच शब्द विसरलो. बत्ता थांबला. मी म्हटलं, ‘‘आता काय राहिलं?’’

‘‘मेरे,’’ ताई म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘मेरे राहिलं. मेरे सायलेन्स.’’

मी पुस्तक ओढून पाहिलं आणि हसून हसून लोळायची वेळ आली. एम, ई, आर, ई. तिनं ते सरळ ‘मेरे’ वाचलं होतं. यात तिची चूक म्हणावी तर सोलापूरची चूक म्हणावी लागेल. पलीकडच्या बोळात तिची एक मैत्रीण होती. त्या मुसलमान घरात बांगड्यांचा धंदा होता, आणि ताई लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर बसून बसून ‘मेरेकू नक्को’, ‘कायकू’ असं अस्सल बोलायची. तिला वाटलं, कायद्याच्या पुस्तकातही कुणीतरी ‘मेरे’ म्हणतंय. आणि ‘सायलेन्स’ तिला सिव्हिल हॉस्पिटलातल्या भिंतीवरच्या पाटीमुळे ठाऊक होतं.

‘‘म्हणजे ‘माझं गप्प बसणं’, असंच की रं?’’

‘‘माझं नव्हे गं बाई. मिअर. नुसतं. नुसतं गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.’’

‘‘असं पुस्तकात हाय?’’

‘‘हाय म्हणजे? विलायतेत खटला झालाय.’’

आणि मी तिला घोड्याचा खटला सांगितला. एका काकाला पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. काकानं पुतण्याला कळवलं, तुझ्याकडून काही उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं मी धरीन. पुतण्या गप्प राहिला. पुढं तो घोडा लिलावात भलत्यालाच विकला गेला आणि काका कोर्टात गेला, माझा घोडा विकला म्हणून. कोर्ट म्हणालं, तुझा कुठला? पुतण्या हो म्हणालाच नव्हता. गप्प बसलेल्या माणसावर असा करार लादता येत नाही.

ताई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. ‘‘साहेबाचं कोर्ट लई शहाणं की,’’ ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, ‘‘आन् घोड्याला कुणी इचारलं?’’

आम्ही दोघंही हसलो. आई चुलीपुढून ओरडली, अभ्यास चाललाय का तमाशा. हसता हसता ताई म्हणाली, ‘‘खरं सांगू? माझ्या मैत्रिणीच्या निकाहला मी आत बायकांत हुते. तिला तीनदा इचारलं. पैल्या दोनदा ती बोललीच न्हाय, मग तिसऱ्यांदा बारीक आवाजात हाँ म्हणाली. समद्या बायका थांबल्या हुत्या तिच्यासाठी.’’ आणि पुस्तक परत पाटावर ओढत, ‘‘निदान इचारतात तरी.’’

तिला काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मोठं काही नव्हतंच. सगळ्यांनी एकदा आपल्यासाठी थांबावं, एवढंच.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या तव्यावरच तुटायच्या. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नसे. माघ महिन्यात आत्या केमहून आली ती स्थळ घेऊनच. मुलगा अकलूजला साखर कारखान्यात कारकून. बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पदरात तीन वर्षांची पोर. काही मागणं नाही, उलट सगळा खर्च तेच करणार. ‘‘आन् दुष्काळात लगीन म्हंजे पावणं कमी,’’ आत्या म्हणाली. ताई तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि आमच्यात बावीस म्हणजे लोक आईला कोपऱ्यात घेऊन चौकशी करायचे असं वय.

ते लोक बघायला आले. नवरामुलगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. शांत माणूस, मान खाली घालून बसलेला, ताईपेक्षा तोच जास्त लाजलेला. बरोबर त्याचे काका होते, तेच बोलत होते. ताईनं पोहे दिले, नमस्कार केला, स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, यांना मानेनं उत्तरं दिली. काका म्हणाले, ‘‘आमच्याकडून पसंती. मुलीचं काय?’’

ते अण्णांकडे बघून म्हणाले. अण्णांनी आईकडे पाहिलं. आईनं आत्याकडे. ताई तिथंच, हातभर अंतरावर, रिकामा तांब्या धरून उभी होती.

‘‘तिचं काय इचारायचं?’’ आत्या म्हणाली. ‘‘गप हाय म्हंजे पसंत हाय.’’

‘‘मौनं संमतिलक्षणम्,’’ काका म्हणाले आणि सगळे हसले. मी दाराशी होतो. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं, आणि तेही ताईच्या उच्चारात.

पाहुणे गेल्यावर मी अण्णांना गाठलं. म्हटलं, ‘‘अण्णा, ताईला एकदा विचारा.’’

‘‘काय इचारू?’’

‘‘पसंत आहे का ते.’’

‘‘न्हाय म्हणाली का ती?’’

‘‘हो तरी कुठं म्हणाली? नुसतं गप्प बसणं म्हणजे स्वीकार नव्हे. आमच्या पुस्तकात आहे.’’

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते उलट खुलले. पोराला कायदा कळायला लागला याचाच त्यांना आनंद. ‘‘बरोबर हाय,’’ ते म्हणाले, ‘‘पर ते येपाराचं. घरात कायदा घालायचा नसतो. घरात इस्वास चालतो.’’ तरी जाता जाता म्हणाले, ‘‘बघू. इचारतो.’’

आणि त्यांनी विचारलं. आईला. ‘‘पोरीचं काय म्हणणं हाय?’’ आई म्हणाली, ‘‘बघते.’’ आणि तिनं आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, ‘‘म्हणणं कसलं? खुशीत हाय की. सकाळी गुणगुणत हुती.’’ ते उत्तर आल्या वाटेनं आईकडून अण्णांकडे गेलं आणि अण्णांनी मला ठणकावून सांगितलं, ‘‘इचारलंय. खुशीत हाय.’’ कोर्टात माणूस सापडला नाही की त्याच्या दाराला नोटीस डकवतात आणि बजावली असं लिहून मोकळे होतात, हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. इथं तर माणूस घरातच होता.

मग मीच विचारायचं ठरवलं. दुपारी ताई शेंगा कुटत होती. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसलो. म्हटलं, ‘‘ताई, तुला…’’

बत्ता जोरात पडला. ‘‘पुढचं म्हण,’’ ती म्हणाली.

‘‘ताई, ऐक तर. तुला ते…’’

‘‘पुढचं म्हण म्हणते ना. परीक्षा तुजी हाय.’’

तिनं वर पाहिलंच नाही. दाण्यांना तेल सुटलं होतं तरी कुटतच राहिली. मी पुढचं प्रकरण म्हणू लागलो. त्या दिवशी मी दहा ठिकाणी चुकलो असेन, बत्ता एकदाही थांबला नाही.

मला आजही वाटतं, माझ्या विचारण्याला अर्थ नव्हता हे तिला माझ्या आधी कळलं होतं. मी विचारलं असतं, ती नाही म्हणाली असती, तर पुढं मी काय करणार होतो? अठरा वर्षांचा पोरगा, अण्णांच्या पैशानं शिकणारा. ज्यांच्या विचारण्यानं काही घडलं असतं त्यांच्यापैकी कुणी तिच्यापर्यंत आलंच नाही.

चारच दिवसांनी सुपारी फोडायला अकलूजची माणसं आली. आमच्याकडे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमक्ष सुपारी फुटली की लग्न ठरलं. लिहिणं नाही, सही नाही. सुपारी फुटल्यावर मोडलं तर पुन्हा त्या घरात कुणी पोरगी विचारायला येत नाही. सगळे बसले, पाटावर सुपारी ठेवली, आणि अडकित्ता सापडेना. अण्णा पान खात नसत, त्यामुळे घरात होता नव्हता तो अडकित्ता कुठं गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आई माजघरात शोधते आहे, मी फडताळात शोधतो आहे. शेवटी आत्या आत बघून म्हणाली, ‘‘अगं, बत्ता दे की इकडं.’’

आतून ताई आली. पदरानं पुसून तिनं बत्ता आत्याच्या हातात दिला. तेवढं करून दाराच्या आड उभी राहिली. काकांनी एकच घाव घातला. सुपारीचे तुकडे उडाले, एक माझ्या पायाशी आला. मग बत्ता थांबला, आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं मी दचकून वर पाहिलं. बत्ता थांबला म्हणजे कुठंतरी चुकलं. पण सगळे एकमेकांना पेढे भरवत होते, आणि ताई दाराआड होती, तिचा नुसता हात दिसत होता चौकटीवर.

फाल्गुनात लग्न झालं. पाहुणे खरंच कमी आले. पाण्याचे हंडे शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरून आणावे लागले. त्यांनी त्या दिवशी माग बंद ठेवले, मंगलाष्टकं नीट ऐकू यावीत म्हणून. भटजींनी पुष्कळ मंत्र म्हटले. मी कान देऊन ऐकत होतो. नवरीला काही विचारतात का, याकडे माझं लक्ष होतं. विचारलं असेलही, पण संस्कृतात. आणि उत्तरही त्यांनीच दिलं. निघताना ताई सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली तेव्हा म्हणाली, ‘‘मधले शब्द खाऊ नकोस.’’ मग एसटी सुटली.

परीक्षा चैत्रातल्या उन्हात होती. कुटायचं काम आईकडं आलं. मी उंबऱ्यावर बसून म्हणायचो, आई कुटायची, पण तिचा बत्ता आपल्या नादात चालायचा. मी बरोबर म्हणालो तरी तोच आवाज, चुकलो तरी तोच. दोन दिवसांत मी ते बंद केलं आणि वर माळवदावर जाऊन एकटाच बसायला लागलो. फार वाईट गेले ते दिवस. घरात माणूस मेल्यासारखं वाटायचं आणि तसं म्हणायची सोय नव्हती, कारण घरात मंगल कार्य झालेलं होतं.

पेपरात तो प्रश्न आला. गप्प राहणं म्हणजे स्वीकार होतो का, उदाहरणासह स्पष्ट करा. मी पुस्तकात त्याच्यावर खूण करून ठेवलेलीच होती, येणार म्हणून. मी पहिला शब्द लिहिला, एम, ई, आर, ई, आणि पेन पुढं जाईना. त्या इंग्रजी अक्षरांतून मला ती सरळ ‘मेरे’ म्हणताना ऐकू आली. ‘म्हणजे माझं गप्प बसणं, असंच की रं?’ असंच होतं गं बाई. मीच उगाच सुधारलं. मला रडू आलं, ते आवरेना. पर्यवेक्षक धावत आले, पाण्याचा पेला पुढं केला, प्रश्नपत्रिका उचलून पाहिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘अरे, सोपा हाय की पेपर.’’

मी तो प्रश्न पूर्ण लिहिला, घोड्यासकट. कायद्याला उत्तम गुण पडले. अण्णांनी वकिलांच्या ऑफिसात पेढे वाटले.

वकील मात्र मी झालो नाही. बी.कॉम. झाल्यावर अण्णांनी विचारलं, लॉ कॉलेजचं काय? मी काहीच बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी एका मिनिटात बरोबर लावला, नाही म्हणून. दोनतीन दिवस जेवले नाहीत नीट, पण पुन्हा विचारलं नाही. मी बँकेत लागलो. मुलाचं गप्प बसणं आमच्या घरात सगळ्यांना वाचता यायचं.

ताईचा संसार चांगला झाला असंच सगळे म्हणत, आणि तसं म्हणण्यात खोटं काही नव्हतं. दाजी सज्जन होते, त्यांनी तिला कधी दुखावलं नाही. तिला दोन मुलगे झाले. दाजींच्या पहिल्या बायकोची पोर तिच्याच पदराला धरून वाढली. फक्त माझी ‘मेरेकू नक्को’ म्हणणारी ताई मला पुन्हा दिसली नाही. ती बोलायची, पण विचारलं तेवढंच. मी अकलूजला गेलो की दाजी आणि मी गप्पा मारायचो आणि ती आतून ऐकायची.

पुढं ती पोर लग्नाची झाली, तिला बघायला आले त्या दिवशी मी तिथं होतो. मुलगा चांगला, घर चांगलं. त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘‘मुलीकडून काय?’’ आणि पोर मान खाली घालून गप्प बसली. दाजी हसत काहीतरी बोलणार, तोच ताई आतून बाहेर आली. ‘‘जरा थांबा,’’ ती म्हणाली. वीस वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. पोरीचा हात धरून तिला आत नेलं, दार लावून घेतलं. बाहेर पाहुणे खोळंबले. चहा गार झाला. आतून ताईचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, पण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा चालला आहे एवढं कळत होतं. मग पोरीचं हसू ऐकू आलं. ताई बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘व्हय म्हणाली. तीनदा इचारलं.’’

मी खाली बघत राहिलो. वर पाहिलं असतं तर रडलो असतो.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात शेंगा कुटायला बसली, मला बरोबर द्यायची चटणी. मी जाऊन उंबऱ्यावर बसलो. इतकी वर्षं जे विचारायचं राहून गेलं होतं ते विचारलं. ‘‘ताई, तेव्हा तुला कुणी असं विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?’’

बत्ता थांबला. ती खरंच विचार करत होती, माझी समजूत काढायला काहीतरी सांगावं म्हणून नव्हे. मला वाटलं, आता ‘हो’ म्हणेल किंवा ‘नाही’ म्हणेल, आणि दोन्हींतलं एकही मला सोसणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘‘जो प्रश्न पेपरात येणारच न्हाय,’’ ती म्हणाली, ‘‘त्याचं उत्तर तू कदी पाठ केलंस का रं?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

‘‘मग?’’ ती म्हणाली, आणि बत्ता उचलला.